तळ्यातली बाळंतीण

महाराष्ट्र झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. बायको बाळंतीण, अंगात रक्त नव्हतं. मरळ मासा खाऊन ताकद येते म्हणून मी, नरपडचा खाऱ्या पाण्यातला माणूस, वाणगावच्या तळ्यावर गेलो. लाल पिलांच्या घोळक्याखाली मोठी मरळ दिसली. मी गळ टाकला, तर कानाला विडी लावून बसलेल्या एका म्हाताऱ्याने काठीने माझी दोरी बाजूला सारली.

"पिलं राखतेय ती."

"माझी बायको बाळंतीण आहे, बाबा."

"ती पण बाळंतीणच. बस गप."

दुपारपर्यंत त्याने पलीकडून दुसरी मरळ काढली आणि माझ्या हातात दिली. नाव विचारायचं राहिलं.

बायको म्हणाली, "त्याचं ऐकलंत ते बरं. ती मी खाल्लीच नसती."

यंदा बायको गेली. आता त्या तळ्याच्या काठावरचा म्हातारा मीच. लाल पिलांवर कोणी गळ टाकला, की काठीने दोरी सारतो.