गुरूंना नाकारलेली तारीख

आमच्या नांदेडच्या कोर्टातले ते सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश, मी त्यांचा लघुलेखक. किनवटच्या वसतिगृहात शाळा, लातूरला वकिलीचं शिक्षण, एवढंच ते स्वतःबद्दल सांगत. निकाल सांगताना मधेच डोळे मिटायचे आणि दमल्या आवाजात म्हणायचे, ‘हं, लिहा पुढं.’

एकदा अर्धापूरच्या एका बाईनं माहेरच्या शेतात वाटा मागितला होता. भावांकडून एक म्हातारे वकील उभे राहिले. साहेब लातूरला वकिली शिकले ते यांच्याच हाताखाली. वकिलांनी सवयीनं पुढची तारीख मागितली.

बाई म्हणाली, ‘साहेब, लई चकरा झाल्या. आता न्हाई होत.’

‘सर, तारीख मिळणार नाही,’ साहेब म्हणाले. ‘बाईंची उलटतपासणी आत्ताच घ्या.’

संध्याकाळी फाटकाशी साहेब गुरूंच्या पाया पडायला वाकले. गुरूंनी पाय मागं घेतले आणि ते रिक्षात बसले.

साहेब जिना चढून वर आले. ‘बाईंना एसटी मिळाली का हो?’

‘हाव साहेब, मिळाली.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले आणि व्हरांड्यात पक्षकारांच्या बाकावरच बसले. खोलीपर्यंत काही त्यांना जाववलं नाही.