फायनलचं मध्यंतर

मैदान आखताना फक्कीची पांढरी पूड नाकात गेली, की मला कोल्हारची ती संध्याकाळ आठवते. आमच्या संघातला एक जण नगरच्या दवाखान्यात पडून होता आणि त्याच्या ऑपरेशनला मदत म्हणून आम्ही कबड्डीचे सामने भरवले होते. त्याच्या वडिलांना शाल-नारळ देऊन पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं. फायनलच्या मध्यंतरात माझा मोबाईल वाजला. दवाखान्यात थांबलेला आमचाच एक खेळाडू रडत होता, "गेला रं आपला गडी." मी फोन पिशवीत टाकला. तेवढ्यात वडील पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडे आले. "तुमी पोरं लई जीव लावून खेळताय. उद्या जाऊन सांगतो त्याला," म्हणाले. मी त्यांच्या हातचं पाणी प्यालो आणि मैदानात उतरलो. पुढची वीस मिनिटं ते माझ्या प्रत्येक चढाईला टाळ्या वाजवत होते. तेवढाच वेळ त्यांना सुखाचा मिळाला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे आम्ही सात गुणांनी पुढं होतो आणि मला ती फायनल जिंकायची होती.