मणेरीकर बाईंची चिठ्ठी

तळहातानं डोळा झाकायला सांगितला की मूल बोटांच्या फटीतून बघतंच, असं मणेरीकर बाईंचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी नारळाची एक करवंटी घासून गुळगुळीत करून घेतली होती. दर जूनमध्ये लालबागच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्या सुतळीनं वीस फूट मोजत, भिंतीवर स्वतः काढलेला तक्ता टांगत आणि एकेका मुलाच्या डोळ्यावर करवंटी धरून विचारत, "फणीचे दात कुठल्या बाजूला?" पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरं कुठली येणार? त्यामुळे तक्त्यावर नुसत्या तीन दातांच्या फण्या होत्या. वर मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या.

हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वडील गिरगावात डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, आणि बाईंचं निम्मं बालपण त्या दवाखान्याच्या बाकावर गेलेलं. लवकर वैधव्य आलं, मूलबाळ नव्हतं. फणसवाडीतून त्या सकाळच्या पाळीला येत. आवाज हळू, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. "छडी उचलण्याआधी पोराचा डोळा बघा," असं आम्हा तरुण शिक्षकांना सांगत. मी एकदा म्हटलं की दिसत नसेल तर मूल आपणहून सांगेलच की. त्यावर म्हणाल्या, "कसं सांगेल? दिसतं म्हणजे केवढं दिसतं, हे त्याला कधी कोणी दाखवलंय?"

मी दुपारच्या पाळीला दुसरीचा वर्ग शिकवत असे. माझ्या वर्गातली कुंदा परब सात वर्षांची होती. बाप गिरणीत, आई घरी. त्या जूनमध्ये बाईंना तिचा डावा डोळा आळशी वाटला. उजवा चांगला असल्यामुळे तिचं काही अडत नव्हतं आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंनी आईच्या नावानं चिठ्ठी लिहून माझ्या हातात ठेवली. या महिन्यातच मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगा, उशीर करू नका, असं दोनदा बजावलं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. शाळा सुटली की मी सभेला पळत असे. त्या संध्याकाळी परळला सभा होती. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात राहिली, सदरा धुण्यात गेला आणि खिशातून निघाला तो कागदाचा लगदा. दुसरी मागायची मला लाज वाटली. तोंडीच सांगून येऊ असं ठरवलं आणि ते रोज उद्यावर गेलं. पंधरा दिवसांनी पाळी बदलताना बाईंनी विचारलं, "परबांची चिठ्ठी दिलीत ना?"

"दिली," मी म्हणालो.

पुढच्या जूनमध्ये कुंदाच्या उजव्या डोळ्यावर करवंटी आली तेव्हा तिला सगळ्यात वरची फणीसुद्धा सांगता येईना. बाई मला घेऊन तडक परबांच्या खोलीवर गेल्या. कुंदाची आई तांदूळ निवडत होती. वर्षापूर्वी चिठ्ठी पाठवूनही पोरीला का दाखवलं नाही, असं बाईंनी जरा कडकपणेच विचारलं. ती गोंधळून म्हणाली, "चिठी? आमच्याकडे खंयचीच चिठी इली नाय, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातल्या तांदळांकडे पाहत राहिलो.

"मग माझीच चूक," बाई म्हणाल्या. "लिहिली आणि माझ्याकडेच राहिली असणार."

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की वर्षभर आधी आणली असती तर चांगला डोळा झाकून या डोळ्याला कामाला लावता आलं असतं. आताही प्रयत्न करू, पण आशा कमी. कुंदाच्या डोळ्यावर कित्येक महिने पट्टी होती. गुण आला नाही. तेव्हा तिची आई बाईंना सगळ्या चाळीसमोर म्हणाली, "माझ्या चेडवाचो डोळो तुमीच घालवलात." बाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांच्या मागे मी होतो.

परतताना मी कसंबसं विचारलं की तुम्ही असं का केलंत. त्या म्हणाल्या, "माझी नोकरीची चार वर्षं राहिलीत. तुम्हाला अजून तीस वर्षं याच चाळींतून मुलं आणायची आहेत. लोकांचा तुमच्यावर विश्वास हवा." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "यापुढे दिली म्हणू नका. देऊन या."

मी पुढे जन्मभर प्रत्येक चिठ्ठी हातात देऊन आलो. पण परबांच्या खोलीवर जाऊन खरं सांगणं मला जमलं नाही. त्या चाळीतल्या काही बायका बाईंच्या तपासणीच्या दिवशी मुलं घरी ठेवू लागल्या. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून एकेकीची समजूत घालत. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागेत पेढे वाटले गेले. बाईंनी हसून माझ्या हातावर पेढा ठेवला. परबांच्या दारावरून मात्र त्या न थांबता गेल्या.

पुढे पुष्कळ वर्षांनी बाई वारल्या. फणसवाडीत त्यांच्या भावाकडे भेटायला गेलो, तर कुंदा आलेली. ती आता टपाल कचेरीत नोकरीला होती. मान किंचित वळवून उजव्या डोळ्यानं तिनं मला ओळखलं. आई जाईपर्यंत बाईंना नावं ठेवत होती, पण आपण मात्र आईला न सांगता दर दिवाळीला बाईंकडे येत असू, असं कुंदानं सांगितलं. एक चूक कोणाकडूनही होते, म्हणाली.

मग मी सांगितलं. खिसा, लगदा, 'दिली', सगळं.

तिनं विचारलं, "बाईंना माहीत होतं?"

"होतं."

"आईला तरी सांगायचं होतंत, गुरुजी. ती बाईंना काय काय बोलली."

तिनं चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि निघाली. मी दारापर्यंत गेलो. जिन्यात उजेड कमी होता. कठड्याला हात धरून, एकेक पायरी पायानं चाचपत ती खाली उतरत होती.