आत्याचा अळणी नवस

कोल्हापुरात मी फार्मसीच्या डिप्लोमाला होते, नव्वद सालानंतरची गोष्ट. आठवली की आजही डोकं फिरतं.

वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. तिला लहानपणापासून फिट यायच्या. पेठ वडगावचे एक म्हातारे डॉक्टर तिला बाटलीतलं औषध द्यायचे. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी, आत ब्रोमाइड. फिटवर लागू पडलेलं हे फार जुनं औषध. पुढे फेनोबार्बिटोन आलं, मग फेनिटॉइन आलं आणि ब्रोमाइड आमच्या पुस्तकात चार ओळींपुरतं उरलं. सर म्हणायचे, परीक्षेला येत नाही, सोडून द्या.

औषध घेऊनही महिन्याला एखादी फिट यायचीच. म्हणून वडील नवस बोलले, आत्या सव्वा वर्ष मीठ खाणार नाही. आणि खरंच फिट थांबली! वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

इकडे आत्या दिवसभर पेंगायला लागली. जीभ जड झाली, तोंडावर फोड उठले. एका सकाळी चहा दिला तर मलाच म्हणाली, "पावणं, कुठल्या गावचं तुम्ही?"

सरांनी सोडलेल्या चार ओळी मी काढून वाचल्या. अंगात मीठ असलं की ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं. मीठ तोडलं की ते साचत जातं आणि डोक्यावर चढतं. नवस फळला नव्हता, औषध अंगात चढलं होतं!

वडिलांना सांगितलं. म्हणाले, "फिट थांबली न्हवं? मग? तुझं शानपण कॉलेजात ठेव." मग मी एस.टी.नं वडगावला गेले. डॉक्टरांना धड ऐकूही येत नव्हतं. म्हणाले, "गुण आलाय, चालू ठेवा." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

शेवटी मीच आत्याच्या ताकात चोरून मीठ घालायला लागले. पंधरा दिवसांनी तिनं मला नावानं हाक मारली. त्याच आठवड्यात फिटही आली. मग मी कबूल केलं आणि वडील खवळले, "नवस मोडलास! हिच्या जिवावर उठलीस व्हय?"

आत्या अंथरुणावरून उठून बसली. म्हणाली, "दादा, तिला बोलू नगंस. फिट पाच मिनटांत जाती. ह्या नवसात माझं दोन म्हैनं गेलं, त्यातला एक दिवस बी मला आठवत न्हाय."