चपलांची रांग

सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागाबाहेर सकाळी चपलांची रांग लागते. माणसं अनवाणी सावलीत बसतात, नंबर चपला धरून ठेवतात. आज त्या रांगेत माझ्या आईचीही चप्पल होती. तिला मोतीबिंदू झालाय.

"नवी चप्पल ठेवलीत होय?" शेजारच्या आजी म्हणाल्या. "जाताना दिसायची नाही हो!"

"मला तशीही दिसत नाही," आई म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

दुपारी तपासणी थांबली. आमचा नंबर आला नाही, आजींचाही नाही. त्या उद्या पुन्हा येणार होत्या. मी खासगी रुग्णालयात फोन करून आईसाठी उद्याचीच वेळ घेतली. काम झालं, तरी बरं वाटेना. एखादं दार असं असावं, जिथे आईला आणि या आजींना एकाच दिवशी आत घेतील. ते सरकारनं उघडावं की आणखी कुणी, याचा वाद घालायची मला हौस नाही. ते उघडं असावं, एवढंच फार वाटतं.

निघताना आईनं आजींचा हात धरला. "डोळा झाला की तुम्हाला बघायला येते हं."

"या की," आजी म्हणाल्या. "मी इथेच असेन."