रावणाची बाजू सांगणारे सोपानराव

श्रावणात भोसरीच्या मारुतीच्या देवळात रामाची पोथी लागायची. दिवेलागणीला नानासाहेब मास्तर ओवी वाचायचे आणि सोपानराव तिचा अर्थ सांगायचे. मास्तर शेवटचं अक्षर नाकातून असं ओढायचे की वाटावं, आता शिंक येणार. ती आली नाही की सोपानराव घसा खाकरायचे. "म्हंजे बगा, मंडळी..."

पंचावन्न साली हे 'म्हंजे बगा' फारच लांबलं. त्यांची धाकटी बहीण सोजराबाई आषाढातच गाठोडं घेऊन माघारी आली होती. पिंपळे गुरवच्या सासरच्यांनी तिला हाकललं होतं. "चार माणसं जाऊ, जाब इचारू, तिला मानानं नांदायला धाडू," असं सोपानराव दारोदार सांगून थकले. ज्याला त्याला नेमकी त्याच दिवशी खुरपणी निघायची.

मग पोथीत शूर्पणखा आली.

"म्हंजे बगा, मंडळी. रावण कोन? राक्षस ऱ्हाऊ द्या. आदी कोन? भाऊ! बहीण रडत दारात आली. भावानं काय करावं? खुरपायला जावं?"

पुरुष खाली बघू लागले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"सोपानराव, ओवीत खुरपणी नाही," मास्तर म्हणाले.

"ओवीत नसंल. अर्थात हाय."

पुढच्या दोन आठवड्यांत रावण चांगलाच सुधारला. सीतेला त्यानं पळवलं नाही, 'जाब द्यायला आणून बसवली'. अशोकवनात तिला 'माहेरावानी' ठेवली. महाळुंग्याहून पाहुणे अर्थ ऐकायला येऊ लागले. रामाची बाजू मास्तरांनी एकट्यानं, नाकातून, लढवली. शेवटी अकरा गडी आणि दोन बैलगाड्या ठरल्या. पोथी संपली की सोमवारी पिंपळे गुरव!

समाप्तीला बाहेर लापशीचं पातेलं उतरलं. रावणाला बाण लागायला दोन ओव्या उरल्या होत्या. देवळातला रिवाज असा की कुणी शंका काढली तर तिचं निरसन झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. बायकांमधून सोजराबाई उठली.

"दादा, एक शंका हाय."

"इचार की."

"रावणाचं समदं कळलं. शूर्पणखेला पुढं काय पायजे व्हतं, ते कुनी इचारलं का?"

सोपानराव खाकरले. पुन्हा खाकरले. "म्हंजे बगा... तिचा भावावर भरवसा व्हता."

"ते भावाचं झालं. तिचं सांग."

मास्तरांनी पानावरचं बोट उचललं. "शंका रास्त आहे," ते म्हणाले. इतका गोड आवाज त्यांनी रामालाही दिला नव्हता.

"सोपानराव, लापशी गार व्हतीया! सांगा राव काय तरी!" बाहेरून हाक आली.

"मला न्हाई ठावं," सोपानराव म्हणाले. "तिचं तिलाच ठावं."

"मग मी सांगते. मला पिंपळे गुरवला जायचंच न्हाई. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना हाय, तिथं बाटल्या धुवायला बाया घेत्यात. माजं नाव लागलंय. सोमवारी बोलावलंय."

"आमच्या घरातली बाई कारखान्यात?" सोपानराव थेट लंकेच्या आवाजात गरजले.

"निरसन झालं म्हणायचं का?" मास्तरांनी विचारलं. "नाहीतर रावण असाच ताटकळायचा."

सगळं देऊळ सोपानरावांकडे बघू लागलं. अकरा गडी तर फारच आशेनं, त्यांचा सोमवार मोकळा होत होता.

"झालं," सोपानराव पुटपुटले.

रावण दोन ओव्यांत मेला. त्याचा अर्थ ऐकायला कुणी थांबलं नाही.

सोमवारी एकच गाडी निघाली, पिंपरीकडं. सोजराबाई मागं डबा घेऊन बसली होती, सोपानराव बैल हाकत होते.

"सोपानराव, कुनीकडं?" वाटेत कुणी विचारलं.

"जाब इचारायला!" ते गरजले. "कामाचे तास किती, सुट्टी कवा. भाऊ हाय मी तिचा."