पाच डबे, एक घुम्या आणि तातांचा डावा कान

टीव्हीत वकील कोर्टात उभा राहून बोलत होता आणि त्याचा आवाज येत होता आमच्या पाठीमागून, खिडकीकडून. पाठीमागचा दुसरा डबा, म्हणजे स्पीकर, नुसता घुरघुरत होता, आत मांजर निजल्यासारखा. बाजा, म्हणजे पिक्चरचं संगीत, तेवढा समोरून, बरोबर. दिलीपबाब आणि त्यांची आई सोफ्यावर बसून सारखी मान मागे वळवत होती. मी पण वळवत होतो. बसवणारा मीच.

गाव चोपडे, पेडण्यातलं. मी डिचोलीचा, म्हापशाला एका दुकानात कामाला. पंखे, मिक्सर आणि गेली चार वर्षं होम थिएटर. शिक्षण चौथी. पुढे मास्तर पण कंटाळले आणि मी पण.

होम थिएटर म्हणजे पाच डबे आणि एक घुम्या. शेट त्याला फाइव्ह पॉइंट वन म्हणतात. दोन डबे समोर, दोन पाठीमागे, एक मधोमध टीव्हीखाली. घुम्या म्हणजे सबवूफर, तो ढगासारखा घुमतो. पिक्चरमधली माणसं बोलतात ती मधल्या डब्यातून. पाठीमागचे डबे पाखरं, गाड्या असल्या गोष्टींना. टीव्हीला कॉम्प्युटर जोडलेला, त्याच्या पाठीमागे तीन भोकं. हिरवं समोरच्या डब्यांचं, काळं पाठीमागच्यांचं, केशरी मधल्याचं आणि घुम्याचं. पिनांना पण तेच रंग. भोकाखाली इंग्लिशमध्ये बारीक लिहिलेलं असतं म्हणे. मी रंगावर जातो.

दिलीपबाब तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. दुसऱ्या दिवशी सकाळी वास्कोला हजर व्हायचं, मग सात महिने घर नाही. तातांना, म्हणजे त्यांच्या बापाला, टीव्हीतलं बोलणं कळायचं बंद होऊन सहा वर्षं झालेली. उजवा कान पुरा गेला, डावा अर्धा. नुसती चित्रं बघून तात आपली गोष्ट रचायचे आणि जेवताना सगळ्यांना सांगायचे. त्यांच्या गोष्टीत खुनी भलताच असायचा. घरातले हो म्हणायचे.

म्हणून हा सगळा खटाटोप. आमच्याकडे मिस्त्रीला मेस्त म्हणतात. दिलीपबाबनी मला आल्या आल्या सांगून ठेवलेलं, "मेस्ता, मी जावच्या आधी तातान एक तरी पिक्चर नीट आयकूक होयो."

आणि इथे वकील खिडकीत.

शेटना फोन लावला. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये दोनच डबे धरलेत की फाइव्ह पॉइंट वन. ते मी केलेलं. मग म्हणाले टेस्ट कर. स्क्रीनवर डब्यांची चित्रं येतात. ज्याच्यावर दाबायचं त्याने बोलायचं. मी मधला दाबला, बोलला पाठीमागचा डावा. पाठीमागचा डावा दाबला, बोलला मधला. म्हटलं, शेट, मशीन खराब आलंय.

"मशीन नाय, तू," शेट म्हणाले. "पिना उलट्या घातल्यास. रंग बघ."

"रंग बघूनच घातल्या."

"परत बघ."

टॉर्च घेऊन मी पाठीमागे शिरलो. बघतो तर हिरवं सोडून भोकांना रंगच नाहीत. नुसती पिवळी-तांबडी.

आता हे सांगावं लागेल. आमच्याकडे नवीन यंत्र पूजा केल्याशिवाय कोण चालू करत नाही. दिलीपबाबच्या आई नारळ आणि हळद-पिंजर घेऊन आल्या, पिंजर म्हणजे कुंकू, आणि म्हणाल्या मेस्त तू, मान तुझा. शहाणा माणूस समोर एक बोट लावतो. पण कॉम्प्युटरला समोर काळी चकचकीत काच. डाग पडला तर गिऱ्हाईक बोलेल म्हणून मी डोकं चालवलं आणि पूजा पाठीमागून केली. एकेका भोकाला, हात न आखडता. काळ्यावर हळद बसून ते झालं केशरी. केशरीवर ओली पिंजर बसून ते झालं काळपट. हिरवं नारळाचं पाणी उडून धुतलं गेलं, म्हणून बाजा तेवढा बरोबर. कॉम्प्युटरवर पाणी उडालं हे शेटना आजपर्यंत ठाऊक नाही.

शेटना म्हटलं रेंज जातेय, आणि फोन बंद केला.

भोकं पुसली, तिन्ही पिना उपटून रंगाला रंग लावल्या. वकील परत कोर्टात गेला. पाखरं पाठीमागे गेली. आईनी हात जोडले. दिलीपबाब खूश, मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागले. मी पण जरा छाती काढून उभा राहिलो.

तेवढ्यात खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून तात म्हणाले, "वकील गप कित्याक झालो? मॅनेजरान खून केलो म्हणून सांगत होतो मरे."

आम्ही तिघं वळलो. तातांच्या डाव्या कानाला लागून स्टूल, आणि स्टुलावर पाठीमागचा डावा डबा. जागा मीच निवडलेली. म्हणजे इतका वेळ आम्ही माना मोडत होतो तेव्हा तात एकटे पिक्चर ऐकत होते. मध्ये दोनदा हसले पण होते. मला वाटलं मला हसतात. तशी सवय आहे.

दिलीपबाबनी व्हिडिओ बंद केला. "ताता, तुका आयकाक येय होता?"

"आता नाय येणा."

दिलीपबाब माझ्याकडे वळले.

"मेस्ता, परत बिघडव."

बिघडवणं हा तसा माझा धंदाच. पण ठरवून कधी बिघडवलं नव्हतं. तीन पिना, तीन भोकं. बरोबर बसवायची रीत एक आणि चुकीच्या पाच. मला त्यातली एकच चूक पाहिजे होती, आणि ती करताना माझं लक्ष नव्हतं. पहिल्या खेपेला वकील समोर डाव्या कोपऱ्यात गेला आणि बाजा सगळा तातांच्या कानात. त्यांनी खुर्ची धरली. दुसऱ्या खेपेला वकील मधल्या डब्यात बरोबर बसला. दिलीपबाब म्हणाले, हे नको, हे बरोबर आहे. त्यानंतर काय काय घातलं ते विचारू नका. प्रत्येक खेपेला तात हात हलवून नाही म्हणायचे. नीट करायला दोन मिनिटं लागलेली, वाट लावायला अर्धा तास.

शेवटी पिना पहिल्यासारख्या उलट्या बसल्या. पिक्चरमध्ये कोर्ट संपून घर आलेलं. वकिलाची सून सासऱ्याला विचारत होती, "जेवलात का?"

"जेवलंय गो," तात म्हणाले.

कोण हसलं नाही. आई डोळे पुसायला आत गेल्या आणि तिथूनच चहा टाकते म्हणाल्या. दिलीपबाब उठून तातांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले. मी हत्यारं भरली.

दुसऱ्या दिवशी शेटनी विचारलं, झालं काय बरोबर? म्हटलं, बरोबर नाही झालं, पण गिऱ्हाईक खूश आहे. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, मग मधला डबाच उचलून म्हाताऱ्याच्या कानाकडे का ठेवला नाहीस? वायर तर लांब होती.

हे मला सुचलंच नाही.

आता कुठे बसवायला गेलो की डबे उघडण्याआधी विचारतो, घरात कुणाचा कुठला कान चालतो. लोक वेड्यात काढतात. काढू देत.